मेक्सिकोतील ८.९० की टोकियोतील ८.९५? लांब उडीतील थोर कामगिरी कोणती मानावी?

प्रश्न : शब्दवेधी

नमस्कार.

आमच्या शाळेच्या क्रीडा सप्ताहात आठवी ते दहावीच्या मुलांपुढे अ‍ॅथलेटिक्समधील विश्वविक्रमांवर तासभर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सगळ्या विक्रमांची जंत्री वाचून दाखवली तर मुलांच्या हाती काहीच लागणार नाही, म्हणून लांब उडी हा एकच प्रकार घ्यावा आणि त्यातही दोनच उड्यांवर थांबावे, असे ठरवले आहे. पहिली उडी बॉब बीमनची, १८ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमधील ८.९० मीटरची, आणि दुसरी माइक पॉवेलची, ३० ऑगस्ट १९९१ रोजी टोकियोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील ८.९५ मीटरची. हे दोघेही अमेरिकेचे. पॉवेलचा विक्रम अजूनही अबाधित आहे.

वाचायला बसल्यावर मात्र काही प्रश्न पडले. जेसी ओवेन्सने १९३५ साली ८.१३ मीटर उडी मारली, तो विक्रम पंचवीस वर्षे टिकला, आणि त्यानंतर तो थोडाथोडा पुढे सरकत ८.३५ पर्यंत पोहोचला. म्हणजे तेहेतीस वर्षांत जेमतेम २२ सेंटीमीटरची वाढ झाली असताना बीमनने एकाच उडीत ५५ सेंटीमीटरची भर घातली. मेक्सिकोची विरळ हवा हे त्याचे कारण सगळीकडे सांगितले जाते. पण हवेचा वाटा नेमका किती आणि माणसाचा किती, हे कोणी नीट उलगडून सांगेल का? दुसरे असे की, टोकियोत कार्ल लुइसच्या उड्यांची सरासरी पॉवेलपेक्षा कितीतरी सरस दिसते, तरीही तो हरला. तर पॉवेलचे श्रेष्ठत्व मुलांना कसे पटवून द्यावे? आणि तिसरा प्रश्न मुले हमखास विचारतील: धावण्याचे विक्रम इतक्या वेळा मोडले गेले, मग हा एक विक्रम १९९१ पासून जागचा का हलत नाही?

मी भाषेचा शिक्षक आहे, खेळाचा नव्हे, त्यामुळे जाणकारांनी विस्ताराने लिहिले तर फार उपयोग होईल.

उत्तर १ : विरळ_हवा

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण भौतिकशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय आहे आणि बीमनची उडी मी वर्गात उदाहरण म्हणून नेहमी घेतो.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या हवेची घनता समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण एक-पंचमांशाने कमी असते. याचा फायदा उडी मारणाऱ्याला दोन टप्प्यांत मिळतो. धावत येताना हवेचा अडथळा कमी झाल्यामुळे जिथून उडी घ्यायची त्या फळीवर पोहोचतानाचा वेग किंचित वाढतो, आणि हवेत असतानाही शरीराला मागे ओढणारा जोर कमी पडतो. यांपैकी पहिला फायदा महत्त्वाचा आहे, कारण उडीची लांबी सर्वांत जास्त कशावर अवलंबून असेल तर ती फळी सोडतानाच्या वेगावर. हवेत खेळाडू सेकंदभरही नसतो, त्यामुळे तिथे मिळणारा लाभ थोड्याच सेंटीमीटरांचा असतो. याशिवाय उंचीमुळे आणि विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ असल्यामुळे तिथे गुरुत्वाकर्षणही अगदी थोडे कमी आहे. त्यातून एक-दोन सेंटीमीटर मिळतात. आणि त्या उडीच्या वेळी पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला नेमका २.० मीटर नोंदवला गेला. विक्रम मान्य होण्यासाठी वाऱ्याची कमाल मर्यादा हीच आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीतील शेवटच्या तीन विश्वविक्रमांच्या वेळीही वाऱ्याचा आकडा २.० हाच नोंदवला गेला होता, त्यामुळे त्या मोजमापाबद्दल शंका घेणारे लोक आहेत आणि त्यांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही.

पण आता याच तिहेरी उडीकडे दुसऱ्या बाजूने पाहावे. आधीचा विश्वविक्रम १७.०३ मीटरचा होता. मेक्सिकोत इटलीच्या जुझेप्पे जेंतिलेने पात्रता फेरीत १७.१० आणि अंतिम फेरीत १७.२२ मीटर उडी मारली. मग सोव्हिएत संघाचा व्हिक्टर सानेयेव्ह १७.२३, ब्राझीलचा नेल्सन प्रुदेन्सियो १७.२७ आणि अखेरीस पुन्हा सानेयेव्ह १७.३९. तीन माणसांनी मिळून पाच वेळा विक्रम मोडला, आणि एकूण वाढ झाली ३६ सेंटीमीटरची. विरळ हवा आणि पाठीमागचा वारा जेव्हा मदत करतात, तेव्हा ती मदत अशी सर्वांमध्ये वाटली जाते. शंभर, दोनशे आणि चारशे मीटरच्या शर्यतींतही हेच दिसले: आघाडीचे सगळेच धावपटू वेगाने धावले. आणि ज्या शर्यतींत प्राणवायूची गरज जास्त, त्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत बहुतेकांचे हाल झाले. दहा हजार मीटरनंतर ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क शर्यत संपताच कोसळला.

लांब उडीत तसे घडले नाही. त्या अंतिम फेरीत राल्फ बोस्टन होता, ज्याने ओवेन्सचा विक्रम मोडला होता. सोव्हिएत संघाचा इगोर तेर-ओव्हानेस्यान होता, जो बोस्टनबरोबर ८.३५ च्या विक्रमाचा भागीदार होता आणि ज्याने ही बरोबरी वर्षभरापूर्वी याच मेक्सिको सिटीत साधली होती. आणि १९६४ चा ऑलिंपिक विजेता, वेल्सचा लिन डेव्हिस होता. एका काळातील सगळे मोठे उडीपटू एकाच रांगेत उभे होते. हवा तीच, धावपट्टी तीच. बीमन ८.९०; रौप्यपदक पूर्व जर्मनीच्या क्लाउस बेअरला ८.१९ वर, आणि बोस्टनला कांस्यपदक ८.१६ वर. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात ७१ सेंटीमीटरचे अंतर होते. बीमनच्या उडीनंतर थोड्याच वेळात पाऊस आला आणि बाकीच्यांना त्याचा त्रास झाला, हे मान्य करूनही हा फरक हवामानाच्या खात्यावर टाकता येत नाही. माझ्या मते उंची आणि वारा यांना अगदी सढळ हाताने श्रेय दिले, तरी समुद्रकाठी, वारा नसतानाही त्या दिवशीचा बीमन जुन्या विक्रमाच्या बराच पुढे पडला असता.

मुलांना सांगण्यासारखे आणखी दोन तपशील देतो. आदल्या दिवशी पात्रता फेरीत बीमनच्या पहिल्या दोन्ही उड्या फाउल, म्हणजे पाय फळीच्या पुढे पडल्यामुळे बाद, गेल्या होत्या. तिसरीही गेली असती तर तो अंतिम फेरीतच नसता. त्या वेळी त्याचा प्रतिस्पर्धी असलेल्या राल्फ बोस्टननेच त्याला सल्ला दिला की, फळीच्या बऱ्याच आधी पाय टाकून उडी मार, पात्र ठरण्याइतके अंतर तुला सहज मिळेल. बीमनने तसेच केले. त्या वर्षी बीमनला एल पासो येथील टेक्सास विद्यापीठाच्या संघातून निलंबित करण्यात आले होते, कारण वर्णभेदी धोरणांच्या निषेधार्थ त्याने व काही सहकाऱ्यांनी ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्ध उतरायला नकार दिला होता. त्यानंतर त्याला अनौपचारिकपणे मार्गदर्शन करणाराही बोस्टनच होता. ज्या माणसाचा विक्रम मोडला जाणार होता, त्याचाच हात त्या विक्रमामागे होता, हे मुलांना अवश्य सांगा.

दुसरा तपशील मोजणीचा. मेक्सिकोत उडी मोजण्यासाठी खड्ड्याच्या बाजूने रुळावर सरकणारे दुर्बिणीसारखे नवे उपकरण लावले होते. बीमन जिथे पडला तिथपर्यंत तो रूळ पोहोचतच नव्हता, कारण इतकी लांब उडी कोणी मारील असे ते बसवणाऱ्यांना वाटले नव्हते. मग पोलादी टेप आणून उडी हाताने मोजावी लागली आणि त्यात बराच वेळ गेला. फलकावर ८.९० हा आकडा लागला तरी बीमनला त्याचा अर्थ उमगला नाही, कारण त्याला फूट आणि इंचांची सवय होती. २९ फुटांच्या पुढे गेलास, असे बोस्टनने सांगितल्यावर मात्र त्याच्या पायांतले त्राण गेले आणि तो जमिनीवर बसला. तोवर २८ फुटांची उडीसुद्धा कोणी मारलेली नव्हती. त्याने स्पर्धेत आणखी एकच उडी मारली, ८.०४ मीटरची, आणि पुढच्या उड्या सोडून दिल्या. उरलेल्या कारकिर्दीत तो ८.२२ च्या पुढे कधीही गेला नाही.

उत्तर २ : आठवी_मार्गिका

विरळ_हवा यांनी मेक्सिकोची बाजू इतकी नेमकी मांडली आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. मात्र शीर्षकातील प्रश्नाचे माझे उत्तर टोकियो असे आहे, आणि ते का, हे त्या संध्याकाळच्या क्रमाने सांगतो.

आधी पार्श्वभूमी. कार्ल लुइस लांब उडीत तेव्हा दहा वर्षे आणि सलग ६५ स्पर्धा अपराजित होता. १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्याच्याकडे होती. पाचच दिवसांपूर्वी, २५ ऑगस्टला, त्याच मैदानावर त्याने शंभर मीटर ९.८६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला होता. पॉवेल त्याच्याविरुद्ध एकदाही जिंकला नव्हता. सोलच्या ऑलिंपिकमध्ये लुइस ८.७२ आणि पॉवेल ८.४९, म्हणजे सुवर्ण आणि रौप्य. १९९१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पॉवेल ८.६३ वर आघाडीवर होता आणि लुइसने शेवटच्या उडीत ८.६४ मारून एका सेंटीमीटरने सामना काढून घेतला. टोकियोला जाणारा पॉवेल हा असा माणूस होता: जवळ पोहोचलेला, पण दर वेळी मागे राहिलेला.

अंतिम फेरीत लुइसची पहिलीच उडी ८.६८ मीटर पडली आणि पॉवेलची फक्त ७.८५. दुसऱ्या फेरीत लुइस फाउल आणि पॉवेल ८.५४. तिसऱ्या फेरीत लुइस ८.८३, पण वारा २.३, म्हणजे स्पर्धेच्या क्रमवारीत ही उडी धरली जाणार, विक्रमासाठी मात्र नाही. त्या फेरीत पॉवेल ८.२९. चौथ्या फेरीत पॉवेलची एक फार मोठी उडी अगदी थोडक्यात फाउल गेली. लाल निशाण पाहून तो परत फळीपाशी आला, खाली वाकून त्याने फळीवरची खूण निरखून पाहिली. त्याचा विश्वास बसत नव्हता, पण निर्णय बदलला नाही. आणि त्याच फेरीत लुइसची ८.९१ मीटर उडी, वारा २.९. तोपर्यंत कोणीही, कोणत्याही वाऱ्यात, इतकी लांब उडी मारलेली नव्हती. विक्रमाच्या पुस्तकात ती जाणार नव्हती, परंतु त्या संध्याकाळी सुवर्णपदक मिळवायचे तर ती ओलांडणे भाग होते.

शब्दवेधी, माझ्या उत्तराचा गाभा इथे आहे. पाचव्या फेरीसाठी पॉवेल धावपट्टीच्या टोकाला उभा राहिला, तेव्हा त्याला आघाडी घेण्यासाठी किमान ८.९२ हवे होते. बीमनचा तेवीस वर्षांचा विक्रम ८.९० होता. म्हणजे केवळ पहिल्या क्रमांकावर येण्यासाठीच त्याला मानवजातीतील सर्वांत लांब उडी मारावी लागणार होती, आणि तीही ज्याच्याविरुद्ध आपण कधीच जिंकलेलो नाही अशा माणसाच्या डोळ्यांदेखत, नुकतीच मोठी उडी फाउल गेल्यानंतर. बीमनने पहिल्याच प्रयत्नात, कोणताही आकडा डोक्यावर लटकत नसताना उडी मारली होती. पॉवेलला नेमका आकडा ठाऊक होता. त्याने ८.९५ मारली आणि त्या वेळी वारा अवघा ०.३ होता. टोकियो समुद्रकाठचे शहर आहे, त्यामुळे उंचीचाही प्रश्न नाही. या उडीत निसर्गाची मदत जवळपास नव्हतीच.

त्यापुढची काही मिनिटे मला त्या उडीइतकीच मोलाची वाटतात. लुइसच्या दोन उड्या शिल्लक होत्या आणि पॉवेलला नुसते पाहत उभे राहायचे होते. लुइसने पाचव्या फेरीत ८.८७ मारली, तीही किंचित समोरून येणाऱ्या वाऱ्यात, उणे ०.२. नियमात बसणारी ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत लांब उडी ठरली. सहाव्या फेरीत ८.८४. पॉवेलची शेवटची उडी फाउल गेली होती, पण त्याचे महत्त्व आता उरले नव्हते. कांस्यपदक अमेरिकेच्याच लॅरी मायरिक्सला ८.४२ वर मिळाले.

आपण म्हणता ते खरे आहे: सरासरी पाहिली तर ती संध्याकाळ लुइसची होती. एकाच स्पर्धेत ८.८३, ८.९१, ८.८७ आणि ८.८४ अशा चार उड्या आजवर दुसऱ्या कोणालाही साधलेल्या नाहीत, आणि मी तर म्हणेन की उडीपटू म्हणून लुइस सर्वकाळचा श्रेष्ठ आहे. १९८४ ते १९९६ या काळात सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके त्याची साक्ष देतात. बार्सिलोनात १९९२ साली त्याने पॉवेलला पुन्हा हरवले, ८.६७ विरुद्ध ८.६४. पण लांब उडीचा नियम सरासरी विचारत नाही, तो सहा प्रयत्नांपैकी सर्वांत लांब कोणता एवढेच विचारतो. पॉवेलचे श्रेष्ठत्व त्या एका उडीपुरते आहे आणि तेवढ्यापुरते ते पूर्ण आहे. मुलांना हे असेच सांगावे, दोघांपैकी कोणाला लहान करण्याची गरज नाही.

उत्तर ३ : क्रीडाशिक्षक_कऱ्हाड

वरची दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला. मी मैदानावरचा माणूस आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे मैदानावरून पाहतो. पण त्याआधी शब्दवेधी सरांना एक विनंती. हे व्याख्यान वर्गात न देता व्हॉलीबॉलच्या मैदानावर द्या. त्या मैदानाची रुंदी बरोबर नऊ मीटर असते. एका बाजूच्या रेषेवर मुलांना उभे करा आणि पलीकडच्या रेषेच्या पाच सेंटीमीटर अलीकडे फक्कीने आडवी रेघ मारा. ती पॉवेलची उडी. तिच्या अलीकडे आणखी पाच सेंटीमीटरवर बीमनची. मग ८.३५ वर तिसरी रेघ मारा, म्हणजे १९६८ च्या त्या दिवशी सकाळपर्यंत जग कुठे होते ते त्यांना दिसेल. त्या ५५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात आठवीतल्या मुलाचे दोन्ही पाय एकापुढे एक ठेवून मावतात आणि वर जागा उरते. आकडा सांगून जे कळत नाही ते तिथे उभे राहिल्यावर कळते, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

आता विक्रम का हलत नाही याविषयी. धावणे आणि उडी यांत मूलभूत फरक आहे. शंभर मीटर धावणारा सगळा वेग शेवटपर्यंत तसाच पुढे नेतो. लांब उडी मारणाऱ्याला मात्र सेकंदाला अकरा मीटरच्या आसपास वेगाने धावत येऊन, वीस सेंटीमीटर रुंदीच्या फळीवर एकच पाय नेमका टाकून, दहा-बारा शतांश सेकंदांत त्या आडव्या वेगातील काही भाग वर वळवायचा असतो. त्यासाठी शेवटून दुसरे पाऊल थोडे लांब टाकून कंबर खाली आणावी लागते आणि शेवटचे पाऊल आखूड टाकून शरीर वर उचलावे लागते. जास्त वर उठायला गेलात तर वेग मरतो. वेग राखायला गेलात तर उडी सपाट जाते. पुस्तकात फेकलेल्या वस्तूसाठी ४५ अंशांचा कोन उत्तम सांगितलेला असतो, पण माणसाला त्या वेगात तो शक्यच नसतो. चांगल्या उड्या साधारण विसाच्या आसपासच्या कोनात सुटतात. टोकियोतील उड्यांचे जपानी अभ्यासकांनी चित्रीकरण करून विश्लेषण केले, त्यात पॉवेलचा कोन सुमारे २३ अंश निघाला, म्हणजे लुइसपेक्षा स्पष्टपणे जास्त. शंभर मीटरमध्ये पॉवेल लुइसच्या जवळपासही नव्हता, पण फळीवरून वर उठण्यात तो त्याच्यापेक्षा वरचढ होता, आणि त्या एका उडीत त्याच्या पायाखाली वेग आणि उंची दोन्ही आले. असे दोन्ही गुण एकाच माणसात, एकाच क्षणी, फाउल न होता जुळून येणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे. आमच्या तालुका स्पर्धांतही दर वर्षी एखाद्या मुलाची सर्वांत मोठी उडी फाउलच निघते. फळीच्या पुढे गेलेल्या बोटाची किंमत त्या वयातच कळायला लागते.

दुसरे कारण मला असे वाटते की, ज्या मुलांत लुइससारखा वेग असतो ती आता उडीकडे येत नाहीत. शंभर आणि दोनशे मीटरमध्ये नाव आणि पैसा जास्त आहे, आणि उडीत टाचेला, गुडघ्याला व मांडीच्या मागच्या स्नायूला होणाऱ्या दुखापतींची भीती मोठी असते. लुइसने दोन्ही प्रकार एकाच वेळी सांभाळले, तसे करणारा आज जवळपास कोणी नाही. परिणाम आकड्यांतच दिसतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ग्रीसच्या मिल्तियादिस तेंतोग्लूने ८.४८ वर सुवर्णपदक मिळवले. तो अतिशय उत्तम, सातत्य राखणारा उडीपटू आहे, तरी ही उडी पॉवेलच्या खुणेपासून जवळपास अर्धा मीटर मागे आहे. १९९४ नंतर नियमात बसणारी ८.७५ मीटरची उडीसुद्धा कोणाला मारता आलेली नाही. महिलांमध्येही हेच चित्र आहे: सोव्हिएत संघाच्या गालिना चिस्त्याकोव्हाचा ७.५२ मीटरचा विक्रम ११ जून १९८८ रोजी लेनिनग्राडला झाला, तो अजून उभा आहे.

तिसरे कारण म्हणून काही जण नियमातील बदलाकडे बोट दाखवतात, ते मला पटत नाही. पूर्वी फळीपुढच्या मेणासारख्या पट्टीवर बुटाची खूण उमटली तर फाउल धरत. २०२१ च्या अखेरीपासून फळीच्या पुढच्या कडेची उभी पातळी पायाने ओलांडली की फाउल धरतात, खूण उमटो वा न उमटो. हा नियम अधिक कडक आहे खरा, पण विक्रमाला तोपर्यंत तीस वर्षे होऊन गेली होती. २०२४ साली फळीऐवजी रुंद पट्टा ठेवून, पाय जिथून सुटला तिथूनच अंतर मोजावे, अशी कल्पना अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने चाचणीसाठी पुढे आणली होती आणि लुइसने तिच्यावर जाहीर टीका केली होती. मी लुइसच्या बाजूचा आहे. फळीवर नेमका पाय पडणे हा या खेळाचा निम्मा भाग आहे, तो काढून टाकला तर बीमन, लुइस आणि पॉवेल यांच्याशी तुलनाच उरणार नाही.

आपल्या मुलांसाठी फक्कीची आणखी एक रेघ मारायला विसरू नका. टी. सी. योहाननने १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ८.०७ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळवले, आणि भारतात ती खूण जवळजवळ तीस वर्षे कोणाला ओलांडता आली नाही. आता जेस्विन ऑल्ड्रिनने २०२३ साली बळ्ळारीला ८.४२ आणि त्याच वर्षी मुरली श्रीशंकरने भुवनेश्वरला ८.४१ मारली आहे. आणि मुलींना अंजू बॉबी जॉर्जबद्दल सांगा, जिने २००३ साली पॅरिसला ६.७० मीटर उडीवर जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील भारताचे पहिले पदक आणले.

पुन्हा प्रश्न : शब्दवेधी

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. व्हॉलीबॉल मैदानाची सूचना तशीच्या तशी उचलतो आहे. आता एकच शंका उरली आहे. क्यूबाच्या इव्हान पेड्रोसोने ८.९६ मीटर उडी मारल्याचा उल्लेख मला एका ठिकाणी सापडला, मग विश्वविक्रम पॉवेलच्याच नावावर कसा? एखाद्या चौकस मुलाने हे विचारले तर उत्तर हाताशी असावे, म्हणून विचारतो.

उत्तर ४ : विरळ_हवा

ही उडी खरी आहे, विक्रम मात्र मान्य झालेला नाही. इटलीतील सेस्त्रियेरे हे आल्प्समधील गाव दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि नव्वदच्या दशकात तिथे दर उन्हाळ्यात मुद्दाम विक्रमांसाठी स्पर्धा भरवत असत. विश्वविक्रम करणाऱ्याला फेरारी मोटार देण्याची घोषणा असे. १९९२ साली पॉवेलनेच तिथे ८.९९ मीटर उडी मारली होती, पण तेव्हा वारा ४.४ होता, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. जुलै १९९५ मध्ये पेड्रोसोने ८.९६ मारली आणि वाऱ्याचा आकडा १.२ नोंदवला गेला. कागदावर सगळे नियमात होते. परंतु त्याच्या उडीच्या वेळी एक व्यक्ती वारामापकाच्या पुढे उभी होती आणि त्यामुळे उपकरणापर्यंत पूर्ण वारा पोहोचतच नव्हता, असे चित्रफितीवरून पुढे आले. त्या दिवशी इतर उड्यांच्या वेळचे आकडे बरेच जास्त होते. अखेर ती उडी विक्रम म्हणून पुढे गेलीच नाही. पेड्रोसो स्वतः त्या दशकातील उत्तरार्धाचा निर्विवाद सर्वोत्तम उडीपटू होता, २००० सालचा ऑलिंपिक विजेता होता, आणि वारामापकापुढे कोण उभे आहे याच्याशी त्याचा काही संबंध होता असे मानायला कोणताही आधार नाही, हेही मुलांना सांगावे.

वाऱ्याचा नियम समजावताना नेमकी पद्धत सांगितली तर मुलांना ते जास्त पटेल. खेळाडू धावत येताना फळीपासून ४० मीटरवरची खूण ओलांडतो, त्या क्षणापासून पाच सेकंद वारा मोजतात आणि त्याची सरासरी काढतात. वारामापक फळीपासून २० मीटर अंतरावर, धावपट्टीच्या बाजूला, १.२२ मीटर उंचीवर असतो. उंचीबाबत मात्र विश्वविक्रमासाठी कोणतीच मर्यादा नाही. त्यामुळे मेक्सिकोची ८.९० नियमाने पूर्ण वैध आहे. सोव्हिएत संघाच्या रॉबर्ट एम्मियानने १९८७ साली आर्मेनियातील त्साख्काद्झोर या डोंगरावरील गावी मारलेली ८.८६ सुद्धा त्याच न्यायाने वैध आहे, आणि सर्वकाळच्या यादीत पॉवेल, बीमन आणि लुइस यांच्यानंतर तिचाच क्रमांक लागतो.